आधी माप, मग पाना

जुन्या गाड्यांच्या या पानावर या वेळी अ‍ॅम्बेसेडरच्या 1489 सीसी इंजिनाला आणि मुंबईत कुर्ल्याला तयार झालेल्या फियाट-पद्मिनीला जास्त जागा दिली आहे, कारण पत्रेही त्यांचीच जास्त आली. एकाच गोष्टीची चौकशी अनेकांनी केली असेल तिथे एकच पत्र निवडले आहे.

प्रश्न : वडिलांची 1974 ची अ‍ॅम्बेसेडर 11 वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन जाम झाले आहे, हँडल मारूनही हलत नाही. गावातले मेकॅनिक म्हणतात, टॉप गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढू, सुटेल. मी स्टँडर्ड साइजचा रिंग-पिस्टनचा सेट आणि बेअरिंग आणून ठेवली आहेत. घरी किती काम होईल आणि लेथवर काय द्यावे? (सांगली)

उत्तर : ट्रॅक्टर शेतातच राहू द्या. उभ्या गाडीत रिंगा गंजाने सिलिंडरच्या भिंतीला धरतात. ओढल्यावर रिंग सुटतेच असे नाही, पुष्कळदा पिस्टनचा रिंगेखालचा काठच तुटतो. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये (त्याची दांडी ज्यात सरकते त्या नळीत) अडकलेला असेल तर त्याची पुशरॉडही वाकते.

चारही प्लग काढा. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचे ऑइल) आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळून प्रत्येक भोकात सुमारे 50 मिली ओता. अ‍ॅसिटोन उडून जाते, म्हणून दर दोन दिवसांनी पुन्हा ओता. आठवडाभर हे चालू द्या आणि तोवर शेडमध्ये विडी-काडी नको. मग हँडलच्या नटावर लांब दांड्याचा सॉकेट लावून इंजिन पुढे-मागे हलवून पाहा. केसभर हलले तरी काम झाले, त्या केसाची बोटभर हालचाल होईपर्यंत रोज थोडे थोडे करा. नाहीच हलले तर हेड (सिलिंडरवरचे झाकण) काढा आणि मधोमध अडकलेल्या पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोका. हेड काढताना एक गोष्ट लक्षात ठेवा : या इंजिनात रॉकर शाफ्टचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या दांड्याचे) काही नट हेडच्याच स्टडवर बसतात. त्यामुळे रॉकर काढण्याआधी पाणी सोडा आणि हेडचे सगळे नट क्रमाने थोडे थोडे सैल करा. फक्त रॉकरचे नट काढले तर हेडला पीळ बसतो.

आता तुमच्या सेटबद्दल. दुकानदार परत घेत असेल तर आजच परत करा. या इंजिनाचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 73.025 मिमी आहे. तुमच्या ब्लॉकचा आज किती आहे हे मोजल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही. बोअर गेज आणा किंवा ज्याच्याकडे आहे त्याला घरी बोलवा. प्रत्येक सिलिंडर तीन ठिकाणी मोजा : वरच्या काठापासून साधारण 10 मिमी खाली, मधोमध आणि तळाशी. प्रत्येक ठिकाणी दोन मापे घ्या, एक क्रँकच्या दिशेने आणि एक आडवे. सगळ्यात जास्त झीज वर आणि आडव्या दिशेने सापडते, कारण ज्वलनाचा दाब तिथे असतो आणि पिस्टन त्याच बाजूला रेलतो. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या मापातला फरक 0.12 मिमीच्या पुढे गेला की नुसत्या रिंगा बदलणे म्हणजे वर्षभरात पुन्हा निळा धूर. बोअर करावाच लागेल. ओव्हरसाइज पिस्टन 0.010, 0.020, 0.030 आणि 0.040 इंच अशा पायऱ्यांत येतात. चौथी पायरीही संपली असेल तर स्लीव्ह (सिलिंडरच्या आत नवी नळी) बसवून पुन्हा स्टँडर्डवर या.

इथे क्रम उलटा करू नका. पिस्टन आधी हातात घ्या, लेथवाल्याला ते पिस्टन मोजायला द्या आणि त्यावरून बोअर करायला सांगा. एकाच बॉक्सवर ‘0.020’ छापलेले चार पिस्टनही एकमेकांशी शंभर टक्के जुळतील अशी खात्री नसते.

क्रँकचेही तसेच. मेन जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) 2 इंचांचे, बिगएंडचे (जिथे पिस्टनचा रॉड बसतो) 47.65 मिमीचे. मायक्रोमीटरने गोलाई तपासा, नख अडकेल असा ओरखडा असेल तर ग्राइंडिंग करा आणि त्या अंडरसाइजची (घासून कमी झालेल्या मापाची) बेअरिंग नंतर घ्या.

घरी करायचे ते खोलणे, धुणे, मोजणे आणि जोडणे. लेथवर द्यायचे ते ब्लॉकचे बोअरिंग-होनिंग (सिलिंडर मोठे करून आतून घासणे), क्रँक ग्राइंडिंग, रॉड सरळ आहेत का याची तपासणी, हेडचे गाइड-सीट आणि फेसिंग (तळ घासून सपाट करणे). खोलताना मोबाइलवर फोटो काढाच, पण फोटोवर विसंबू नका. बेअरिंगच्या टोप्या आणि रॉडवर नंबर आहेत का ते पाहा, नसतील तर पंचने टिंब मारा. आठ टॅपेट आणि आठ पुशरॉड अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. ज्या कॅमवर टॅपेट घासला तिथेच तो परत गेला पाहिजे.

लेथवरून ब्लॉक परत आला की तो स्वच्छ आहे असे समजू नका. घरी बांधलेली बहुतेक इंजिने निकामी होतात ती इथेच. ऑइल गॅलरीचे प्लग काढा, बाटल्या धुण्याच्या लांब ब्रशाने आणि गरम साबणाच्या पाण्याने भोके घासा, हवा मारा, लगेच ऑइल लावा. सिलिंडर पांढऱ्या फडक्याने पुसा. फडके करडे निघते तोवर होनिंगची पूड आतच आहे. क्रँकमधली तिरपी भोकेही अशीच साफ करा. राहिलेली चिमूटभर पूड पहिल्या दहा मिनिटांत नवी बेअरिंग खाते.

जोडताना रिंग पिस्टनच्या डोक्याने ढकलून सिलिंडरमध्ये सरळ बसवा आणि तिच्या तोंडाची फट फीलर गेजने पाहा : 0.20 ते 0.33 मिमी. कमी असेल तर कानशीने वाढवा, कारण तापल्यावर तोंडाला तोंड भिडले की रिंग तुटते. बेअरिंगची पाठ कोरडी आणि पोट ऑइलचे, हा नियम. प्लास्टिगेजची तार (बेअरिंगमधली फट मोजणारी मऊ तार) दाबून क्लिअरन्स 0.025 ते 0.05 मिमी येतो का ते बघा, त्या वेळी मात्र पोटही कोरडे ठेवा. मधल्या मेन बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना थ्रस्ट वॉशर असतात. त्यांच्या खाचा क्रँककडे तोंड करून हव्यात. उलटे बसले तर क्लच दाबला की क्रँक पुढे सरकते आणि वॉशर काही दिवसांत संपतो. मेनचे नट 70 पाउंड-फूट, बिगएंडचे 35. गजनपिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) रॉडमध्ये क्लॅम्प बोल्टने धरलेली असते, तो बोल्ट आणि त्याचा वॉशर नवाच घ्या. प्रत्येक टोपी आवळली की क्रँक हाताने फिरवा. कुठल्या टोपीनंतर ती जड झाली हे लगेच कळते. सगळे आवळून मग फिरवले तर दोषी कोण ते शोधत बसावे लागते.

हेड मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत आवळा. टॅपेटची फट 0.015 इंच, थंड इंजिनावर. बेरीज 9 ठेवा : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला सेट करायचा, सातवा उघडा असताना दुसरा, असे पुढे. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. सुरू करण्याआधी पंपात ऑइल भरा, प्लग काढून ठेवा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा, मध्ये मध्ये स्टार्टरला विश्रांती द्या. नवा कॅम किंवा नवे टॅपेट असतील तर इंजिन सुरू होताच 1500 ते 2000 आरपीएमवर 20 मिनिटे ठेवा. आयडलिंगला सोडू नका, कारण कॅमवर ऑइल उडते ते क्रँकच्या वेगाने. झिंक असलेले 20डब्ल्यू-50 ऑइल घाला आणि 500 किलोमीटरला बदला. इंजिन थंड झाल्यावर हेड पुन्हा आवळा आणि टॅपेटही पुन्हा बघा. हेड बसले की फट कमी होतेच.

प्रश्न : अ‍ॅम्बेसेडरचे हेड मागच्या वर्षी करून घेतले. तरी दर हजार-दीड हजार किलोमीटरला टॅपेट टाइट होतात आणि सकाळी गाडी मिसिंग मारते. (कोल्हापूर)

उत्तर : टॅपेट झिजले तर फट वाढते. तुमची कमी होतेय, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसत चालला आहे. या इंजिनाचे हेड बिडाचे आहे आणि सीट त्याच बिडात कापलेली असते. पूर्वी पेट्रोलमधले शिसे एक्झॉस्ट सीटवर पातळ थर धरायचे आणि व्हॉल्व्ह-सीट एकमेकांना चिकटून सोलत नसत. भारतात शिसेवाले पेट्रोल 2000 च्या फेब्रुवारीपासून बंद झाले. शहरात सावकाश चालणाऱ्या गाडीला फारसा फरक पडत नाही, पण तुम्ही पुण्याला हायवेने नियमित जात असाल तर पडतो.

उपाय एकच टिकाऊ आहे : चारही एक्झॉस्टला कडक धातूच्या सीट-रिंगा बसवून घेणे. इनटेकला गरज नाही, तिथे थंड मिश्रण येते. सीट कापण्याआधी मधल्या दोन सिलिंडरच्या सीटमधला भाग क्रॅकसाठी डाय (तडा दाखवणारा रंग) मारून तपासा. 2 आणि 3 नंबरचा एक्झॉस्ट एकाच पोर्टमधून जातो, म्हणून सगळ्यात जास्त ताप तिथेच. तडा असेल तर सीटचे पैसे त्या हेडवर घालू नका, दुसरे हेड शोधा. तोपर्यंत दर 500 किलोमीटरला फट तपासा. फट शून्य झाली की व्हॉल्व्ह जळतो.

प्रश्न : इंजिन पूर्ण केल्यावरही क्लच हाउसिंगमधून ऑइल थेंब थेंब गळते. मेकॅनिकने सिलिकॉन लावून दोनदा गिअरबॉक्स उतरवला. (नाशिक)

उत्तर : अ‍ॅम्बेसेडरच्या या इंजिनात क्रँकच्या मागे रबरी सील नसतेच. क्रँकवर कोरलेली उलटी चूड (आटे) ऑइल परत आत ढकलते. म्हणजे इंजिन फिरताना गळती थांबते आणि बंद केल्यावर एक-दोन थेंब पडणे हा दोष नव्हे. दोन कारणांनी ते वाढते : मागच्या मेन बेअरिंगचा क्लिअरन्स जास्त आहे किंवा ब्रीदरची (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी) नळी तुंबल्यामुळे क्रँककेसमध्ये दाब साठतोय. नळी आधी बघा, पाच मिनिटांचे काम आहे. सिलिकॉन लावू नका. त्याचे तुकडे संपात (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) पडले की पंपाची जाळी बंद करतात.

प्रश्न : 1988 ची पद्मिनी. कुंभार्ली घाट चढताना काटा लाल पट्ट्यात. थर्मोस्टॅट काढून टाकला, इलेक्ट्रिक पंखा लावला, हेड दोनदा फेसिंग केले. तरी फरक नाही. (चिपळूण)

उत्तर : घाट चढताना थर्मोस्टॅट तसाही पूर्ण उघडलेला असतो, मग तो काढून घाटात गाडी थंड कशी होणार? झाले ते उलटेच. सपाटीवर इंजिन कधी पुरेसे तापत नाही, कच्चे पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धुते आणि ऑइलमध्ये गाळ होतो. तो परत बसवा.

हेड आता तिसऱ्यांदा फेसिंगला देऊ नका. पद्मिनीचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे, दर वेळी पातळ होते आणि कॉम्प्रेशनही वाढते, म्हणजे आणखी उष्णता. ते वाकले हा परिणाम आहे, कारण वेगळेच आहे.

इग्निशन टायमिंगपासून सुरुवात करा, कारण सगळे तिथे शेवटी बघतात. पॉइंट झिजून स्पार्क मागे पडला की पेट्रोल एक्झॉस्टकडे जाताना जळत राहते आणि ती सगळी उष्णता हेडच्या पाण्यात जाते. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची पडदी फाटली आहे का, आतली वजने गंजून अडकली आहेत का तेही बघा. मग गरम इंजिनावर इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरच्या जाळीवरून फिरवा. मध्येच थंड पट्टे लागले तर त्या नळ्या बुजल्या आहेत. त्याला रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून साफ करणे) लागते, केमिकलने एवढे निघत नाही. बोअरवेलचे पाणी घालत आला असाल तर ब्लॉकच्या मागच्या टोकाला, 4 नंबरच्या भोवती गाळ बसलेला असतो. ड्रेन कॉक काढा आणि भोकात तार घाला. पाणी येण्याऐवजी चिखल आला तर उत्तर तिथेच आहे. कॉस्टिक सोडा मात्र चुकूनही नको, तो अ‍ॅल्युमिनियम खातो. सायट्रिक अ‍ॅसिड लिटरला 50 ग्रॅम, अर्धा तास गरम चालवून भरपूर पाण्याने धुवा. नंतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये 40 टक्के कूलंट.

खालचा रबरी पाइप रेस केल्यावर चपटा होतो का बघा. होत असेल तर पंप पाणी ओढू शकत नाही. एवढे करूनही रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील तर मगच हेड गॅस्केटवर संशय घ्या.

प्रश्न : 1966 ची फियाट 1100 डिलाइट. E20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल आल्यापासून वास येतो, गाडी खोकते. काय काय बदलू? (म्हापसा)

उत्तर : वासाकडे आधी बघा, तो आगीचा विषय आहे. जुन्या नायट्राइल रबराच्या नळ्या इथेनॉलने फुगतात आणि नंतर तडकतात. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी बदला. नळीवर ‘एसएई जे30 आर9’ छापलेले बघून घ्या, नुसते ‘फ्युएल पाइप’ म्हणून मिळणारी काळी नळी चालणार नाही. पेट्रोल पंपाची पडदी आणि कार्बोरेटरची नीडल-सीटही इथेनॉल सोसणारीच घ्या.

खोकण्याचे कारण मिश्रण. शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, E20 ला साधारण 13.5 पट. जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोक) तोच ठेवला तर गाडी सुमारे आठ टक्के लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते. सोलेक्स कार्बोरेटरमध्ये जेटचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. भोकाचे क्षेत्रफळ आठ टक्के वाढवायला व्यास चार टक्के पुरतो, म्हणून 120 असेल तर 125 लावून बघा. 10 किलोमीटर खेचून चालवा, इंजिन जागेवर बंद करून प्लग काढा. पांढरा असेल तर अजून लीन, तपकिरी आला की थांबा. सुईने जेट मोठा करू नका. भोक वेडेवाकडे होते आणि परतीचा रस्ता राहत नाही.

गोव्याच्या दमट हवेत आणखी एक गोष्ट. इथेनॉल हवेतले पाणी शोषते, ते पाणी टाकीच्या तळाशी वेगळे होते आणि झिंकच्या कार्बोरेटरमध्ये पांढरी बुरशी धरल्यासारखी पूड साठते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा आणि टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या टाकीत दमट हवा जास्त मावते.

प्रश्न : पद्मिनीचा फ्लोअर आणि दरवाजाखालची पट्टी कुजली आहे. पत्रेवाला म्हणतो, वरून नवा पत्रा चढवून पुट्टी मारतो. (अलिबाग)

उत्तर : नको म्हणा. पद्मिनीला वेगळी चासी नाही, दरवाजाखालची पट्टीच गाडीचा कणा आहे. कुजक्यावर नवा पत्रा चढवला की दोघांच्या मध्ये खारे पाणी कायमचे मुक्कामाला येते.

लोहचुंबक पातळ कपड्यात गुंडाळून गाडीवर फिरवा. चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. कापण्याआधी गाडी चाकांवर, समतल जागी ठेवा, जॅकवर नव्हे. दरवाजांच्या फटी मोजून लिहून ठेवा आणि दरवाजाच्या चौकटीत आडवा लोखंडी पाइप वेल्ड करून आधार द्या. एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही बाजू एकदम कापल्या की गाडी मध्ये बसते आणि दरवाजे पुन्हा कधी लागत नाहीत. 0.9 मिमीचा (20 गेज) सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा वापरा. मिग वेल्डिंगने टिंब मारा, एकाजवळ एक नव्हे तर आलटून पालटून, नाहीतर पत्रा तापून फुगेल. गॅस वेल्डिंगने तो हमखास वाकतो. सँडब्लास्टिंग जाड भागांना ठीक, बॉनेट आणि छपराला नको. वेल्डिंगनंतर एपॉक्सी प्रायमर मारा. नुसता रेड ऑक्साइड पाणी आत झिरपू देतो. शेवटी पट्टीच्या आतल्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स फवारा आणि पाणी वाहून जाण्याची मूळ भोके उघडी आहेत ना ते बघा. बहुतेक गाड्या ही भोके बुजल्यामुळेच कुजतात.

प्रश्न : 1969 ची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. इंजिन नवे टाकले तर चालेल का? (ठाणे)

उत्तर : केंद्र सरकारच्या जुलै 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. अट अशी की ती मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा. तेव्हा मूळ इंजिन दुरुस्त करा, डिझेल किंवा दुसऱ्या गाडीचे बसवू नका आणि इंजिन नंबरचा भाग लेथवर घासला जाऊ देऊ नका. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, नूतनीकरण 5,000 रुपये. गाडीची नोंदणी आधीपासून असेल तर जुना नंबर कायम राहतो, नव्याने नोंदवली तर ‘व्हीए’ मालिकेतला मिळतो. मात्र मग गाडी रोजच्या वापराला नाही : प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. रोज ऑफिसला न्यायची असेल तर हा मार्ग घेऊ नका.

प्रश्न : अ‍ॅम्बेसेडरच्या नटांना घरातले मिलिमीटरचे पाने नीट बसत नाहीत. चालवून घेऊ का? (परभणी)

उत्तर : नाही. त्या इंजिनाचे नट इंचातले आहेत. अर्ध्या इंचाच्या नटाला (12.7 मिमी) 13 चा पाना लागल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कोपरे गोल करतो. 9/16 म्हणजे 14.29 मिमी, त्याला 14 चा बसत नाही आणि 15 चा घसरतो. 7/16 ते 3/4 इंचापर्यंतचा रिंग पान्यांचा एक सेट घ्या. पद्मिनीला मात्र तुमचे मिलिमीटरचेच पाने लागतील.